‘मोडकळीस आलेले’ हे दोन शब्द

शिरूरच्या तहसील कचेरीच्या आवारात मी अर्ज व दस्त लिहितो, या गोष्टीस आता तीस वर्षे होत आली. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तरीही माझ्या मसुद्यात वकिलांनादेखील सहसा खोट सापडत नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. अलीकडे मात्र दुपार कलली की मान अवघडते, संगणकावरची अक्षरे एकमेकांत मिसळतात, आणि समोर बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकण्याआधीच त्याचा दस्त माझ्या डोक्यात तयार असतो. खाली जे लिहीत आहे, ते याच सवयीमुळे घडले.

नदीच्या अंगाला बंगल्यांची एक वसाहत आहे. डॉक्टर, ठेकेदार, कारखान्यांना माल पुरवणारे असे प्रतिष्ठित लोक तेथे राहतात. प्रत्येक फाटकावर कॅमेरा, प्रत्येक अंगणात विकत आणलेली हिरवळ. त्या सगळ्यांच्या मधोमध अकरा गुंठ्यांचा एक तुकडा आणि त्यावर तीन खोल्यांचे कौलारू घर होते. ज्या धनगराने ही जागा घेतली, त्याने ती मेंढरे बसवण्यासाठी घेतली होती; त्या काळी तिकडे कोणी फिरकतही नसे. त्याचे दोन मुलगे. थोरला वारला, त्याला मूलबाळ नव्हते, आणि त्याची पत्नी त्या घरात एकटी राहत होती. धाकटा केडगावजवळ ऊस आणि भाजीपाला पिकवणारा बागायतदार. दीर आणि वहिनी यांच्यात तोंडी ठरले होते ते असे, की घर आणि भोवतालचे तीन गुंठे वहिनींना, उरलेले आठ गुंठे दिराला. शेजारचा ठेकेदार ते आठ गुंठे घ्यायला टपलेलाच होता. त्याआधी वाटणीपत्र होणे आवश्यक होते, आणि ते काम माझ्याकडे आले.

मिळकतीचे मूल्यांकन करण्यासाठी दिराने एक खाजगी मूल्यांकनकार आणला. त्याच्यासोबत मीही गेलो, कारण दस्तात वर्णन लिहायचे म्हणजे मिळकत पाहिलेली असावी, असा माझा आग्रह असतो. पाहिली म्हणजे काय, तर फाटकातून पाहिली. त्या माणसाने हातातल्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीवर टाकून लांबी घेतली, मोबाइलवर चार फोटो काढले आणि म्हणाला, “जमिनीचाच भाव आहे इथं. घराचा काय, घसारा जाऊन शून्य.”

ओट्यावर उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, “आत या की. च्या टाकलाय.”

“नको मावशी, अजून दोन साइट आहेत,” तो म्हणाला. मीही घड्याळ पाहिले. खरे तर मला कोठेही जायचे नव्हते; ऊन लागले होते आणि बसावेसे वाटत नव्हते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी मी दस्त तयार केला. जुन्या घराचे वर्णन करण्याची आमच्या धंद्यात एक ठरलेली रीत आहे. घर कसेही असो, ते ‘जुने, मोडकळीस आलेले व राहण्यास अयोग्य’ असे लिहायचे, म्हणजे मूल्यांकन खाली येते आणि मुद्रांक कमी लागतो. पक्षकार खूश होतो. त्यापाठोपाठ एक वाक्य आपोआप येते: ‘सदरचे बांधकाम पाडून टाकण्यास उभयतांची कोणतीही हरकत नाही व राहणार नाही.’ ही वाक्ये मी इतक्या वेळा लिहिली आहेत की ती लिहिताना मी विचार करीत नाही. त्या दिवशीही केला नाही. दिराने पाने चाळली, ‘मस्त’ म्हणाला, आणि वहिनींना घेऊन आम्ही दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो.

तेथे गर्दी होती. आमचा क्रमांक येईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. टेबलावरच्या कारकुनाने नेहमीप्रमाणे मान वर न करता विचारले, “दस्त वाचलाय? मान्य आहे? अंगठा ठेवा यंत्रावर.”

“वाचला न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “वाचून दाखवा.”

कारकुनाने प्रथमच वर पाहिले. “मागं किती लोक आहेत बघा, आजी.”

“लोकं हायेत तर थांबत्याल. माझं घर लिवलंय त्यात, मला ऐकू द्या.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी घसा खाकरून वाचू लागलो. चतुःसीमेपर्यंत सर्व ठीक होते. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस डॉक्टरांचा बंगला, उत्तरेस ठेकेदारांची मिळकत, दक्षिणेस सांडपाण्याची गटार. वहिनी प्रत्येक दिशेला मान हलवत होत्या. मग मी ते शब्द वाचले.

“काय म्हणलात? परत म्हणा.”

मी परत वाचले.

“मोडकळीस? कुठं मोडलंय माझं घर, दादा? तुम्ही आत आला होता का?”

मागच्या रांगेतून कोणीतरी हसले. दीर पुढे झाला. “वहिनी, तसंच लिवत्यात. कागदापुरतं असतंय ते. खर्च वाचतोय आपला.”

“कागदावर पाडलं की उद्या जिमिनीवर पाडाय किती येळ, भाऊजी? तुम्ही आठ गुंठे ठेकेदाराला देणार. त्यो हा कागद घेऊन नगरपरिषदेत जाईल. म्हणंल, बाईनं सोताच अंगठा दिलाय, राहण्यासारखं न्हाई म्हणून. मग नोटीस चिकटवाय किती दिवस? मागच्या गल्लीतल्या म्हातारीचं काय झालं? पाऊस पडायच्या आत घर खाली कर म्हणले. ती आता लेकीच्या दारात भांडी घासती.”

मागच्या गल्लीतल्या त्या म्हातारीचा दस्तही माझ्याच टेबलावर लिहिला गेला होता. हेच शब्द, हाच क्रम. ती नोटीस निघाली तेव्हा मी तिला हरकतीचा अर्जदेखील लिहून दिला होता आणि माझी नेहमीची रक्कम घेतली होती. दोन्ही कागद एकाच हातचे आहेत, हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. कदाचित सुचले होते आणि मी तिकडे पाहिले नव्हते.

“करायचंय की नाही?” कारकून म्हणाला.

“हे न्हाई करायचं,” वहिनी म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बाहेर गेल्या.

दीर माझ्यावर घसरला. “तुम्हाला एवढं मोठं लिवाय कुणी सांगितलं होतं? आणि वाचताना गाळायचं की दोन शब्द!”

“वाचताना गाळले तर तो गुन्हा होतो,” मी म्हणालो. एरवी हे वाक्य मी ठणकावून म्हटले असते. त्या दिवशी ते माझ्या तोंडून कसेबसे निघाले.

चार दिवसांनी मी एकटाच त्या घरी गेलो. वहिनींना फाटक उघडावे लागले नाही. ते उघडेच असते. त्या म्हणाल्या, “आता आला व्हय? या.”

मी वही काढली आणि आतून पाहिले. भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. बाहेर भाजून निघत असता आत गारवा होता. आढ्याला सागाच्या तुळया, त्यांना कीड नाही. कौले दर चैत्रात उतरवून, फुटकी बदलून पुन्हा चढवलेली. खुंटीवर लोकर कातरण्याची जुनी कातर, तेल लावलेली. जमीन शेणाने सारवलेली, एकही भेग नाही. मी कोपऱ्यात ओल शोधली, सापडली नाही. मला सापडायला हवी होती, असे प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे माझा शब्द थोडा तरी खरा ठरला असता.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “चूल रोज पेटती, लिवा.”

“असे दस्तात लिहीत नाहीत.”

“मोडकळीस लिवत्यात, आन् चूल लिवत न्हाईत?”

मी लिहिले: ‘दगडमातीच्या भक्कम भिंतींचे, सागवानी तुळयांचे, कौलारू छपराचे, सुस्थितीतील व लिहून देणार क्रमांक एक यांच्या नित्य वापरात असलेले राहते घर.’ क्रमांक एक म्हणजे वहिनी. चूल मी ‘नित्य वापरात’ या शब्दांत बसवली आणि तसे त्यांना समजावून सांगितले. पाडण्याचे वाक्य काढले. त्याऐवजी, घर व तीन गुंठे यांवर दिराचा अथवा त्याच्याकडून जागा घेणाऱ्याचा कोणताही हक्क राहणार नाही, असे कलम घातले. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. शेवटच्या वेळी माझा आवाज बसला, तेव्हा त्यांनी पाणी दिले.

दिराने पंधरा दिवस फोन उचलला नाही. मग एका सकाळी स्वतःच केडगावहून आला, चिडलेला. मुद्रांक वाढल्याबद्दल त्याने मला पुष्कळ ऐकवले. ठेकेदार आता भाव पाडून मागतोय, म्हणाला, शेजारी ते घर कायमचे राहणार म्हणून. मी ऐकून घेतले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण वाटणीपत्राशिवाय त्याला आठ गुंठेही विकता येत नव्हते, म्हणून शेवटी तो कबूल झाला.

पुन्हा तेच कार्यालय, तोच कारकून. या वेळी त्याने न सांगता दस्त माझ्याकडे सरकवला. “वाचा,” तो म्हणाला, “नाहीतर आजी सोडायच्या नाहीत.” मी उभ्याने सगळा दस्त वाचला. ‘राहते घर’ या शब्दांपाशी वहिनींनी पदराने तोंड पुसले आणि यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने दोनदा नाकारला, कारण बोटाच्या रेषा झिजलेल्या होत्या, तिसऱ्यांदा घेतला. मग दिराने ठेवला.

बाहेर आल्यावर माझे आभार कोणी मानले नाहीत, आणि मानण्यासारखे मी काही केले नव्हते. मी कठड्यावर बसलो. उठावेसे वाटेना. दीर काही वेळ पायऱ्यांवर घुटमळला, मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत राहिला, आणि मग वहिनींकडे न पाहता म्हणाला, “लय उशीर झाला. जेवाय येऊ का तुमच्याकडं?”

“या की भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “घर हाय अजून.”