शेठ त्या वळणावर उभा राहिला तेव्हा

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसतच होते, तेवढ्यात इरफानचा फोन आला. माझा थोरला भाऊ ज्या दगडखाणीत कामाला होता, तिथला हा डंपर ड्रायव्हर. "दीदी, नंदूभाई पे गाडी..." महिना झाला त्या फोनला. लोक म्हणतात, आता राग सोड. का म्हणून सोडू?

नंदूदादा खाणीत रस्त्यांची आखणी करायचा. खाण खोल गेली की दगड वर आणायची वाटही बदलावी लागते, नाहीतर चढ उभा होत जातो. भरलेला डंपर चढताना चढ न पेलून ड्रायव्हर जिथे पहिला गिअर टाकी, तिथे दादा दगडावर गेरूची रेघ ओढायचा. चार ड्रायव्हरांच्या रेघा एका जागी आल्या, की तो रस्ता त्याच्या लेखी संपला. खालच्या वळणावर त्या केव्हाच जमल्या होत्या. मग त्याने नकाशा केला... डंपर खाली न्यायचेच नाहीत, दगड तळातच फोडायचा आणि सरकत्या पट्ट्यावरून वर आणायचा. खाणीच्या मालकाने, शेठने, नकाशावर लिहिलं, 'पुढच्या वर्षी बघू.' एकदा नाही, तीनदा!

यंदा दसऱ्याच्या मशीनपूजेला पाहुणे येणार, म्हणून शेठने रस्त्याकडेचे सगळे दगड चुन्याने रंगवून घेतले. रेघा गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्या परत ओढायला वळणावर उभा राहिला, आणि चढणारा डंपर मागे घसरला.

तेराव्याला शेठ आला. चहाचा कप हातात घेऊन वहिनीला म्हणतो, "नंदू देवमानूस, पन लय हट्टी. तिथं उभा राव्हाला त्याला कोनी सांगितलेला?" म्हणजे चूक दादाची! चौकशीच्या कागदावरही हेच चढणार होतं. वहिनी खाली मान घालून बसली होती. मी शेठच्या हातातला कप काढून घेतला. म्हटलं, "उठा."

चौकशीचे साहेब खाणीवर आले, तेव्हा मी नकाशा घेऊन हजर. शेठ हसला. "कागदावर सगलाच चढ उभा दिसतो, सायेब. रस्ता बरा हाय."

"बरा आहे ना? मग दादा उभा होता तिथे उभे राहा. इरफान भरलेली गाडी वर आणेल."

सगळे ड्रायव्हर बघत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. शेठ गेला, उभा राहिला. तळात इंजिन नुसतं गुरगुरलं, चाक अजून हललंही नव्हतं, तर हा गडी हातापायांवर दगड चढून वर! "बंद कर! बंद कर रे!"

"रस्ता बरा आहे म्हणालात ना?" साहेबांनी विचारलं. मी नकाशावरचे शेठचे तिन्ही शेरे पुढे केले. साहेबांनी तिथेच लिहिलं, रस्ता धोक्याचा, मालकाला माहीत होतं. खालची वाहतूक त्याच दिवशी बंद झाली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

घरी येऊन दादाच्या खोलीत गेले, त्याच्या खाटेवर आडवी झाले. उशी झटकली तरी दगडाची भुकटी निघतेच... वहिनीने अभ्रा धुवायला मागितला. मी दिला नाही.