मामांनी फळ्यावर अर्धवट सोडलेला शब्द

माझे मामा कधीही जाऊ शकतात हे मला तीन दिवस आधी माहीत होतं.

मी मामींना सांगितलं नाही.

आज वर्ष झालं. आज तरी लिहायलाच हवं.

दिगंबरमामा शाळेतून रिटायर झाल्यावर हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या घरातच स्पोकन इंग्लिशचा क्लास घ्यायचे. पार्लरमधल्या मुली, साड्यांच्या दुकानातले सेल्समन, दोन-तीन गृहिणी. ग्रामर कमी. रोज एकच साधा शब्द घ्यायचा आणि पार पिळून काढायचा.

दर बुधवारी ऑफिस आटोपलं की मी हिमायतनगरहून तिकडे जायचे. मागच्या खुर्चीत बसून ऐकायचे.

त्या बुधवारी फळ्यावर होता ‘लाइट’.

"बटण दाबल्यावर लागतो तो लाइट विसरा," मामा म्हणाले. (क्लासमध्ये ते इथल्या दखनी हिंदीत बोलायचे, इथे मराठीत लिहितेय.) "आज विशेषण."

बॅग लाइट, म्हणजे हलकी. शर्ट लाइट ब्लू, म्हणजे फिका. लाइट डिनर, म्हणजे थोडंसं जेवण. लाइट स्लीपर?

"माझी बायको. मांजर चाललं तरी उठून बसते."

लाइट-हार्टेड म्हणजे मजेत असणारा. मग लाइट-फिंगर्ड?

"नाजूक बोटांची?" एकीने विचारलं.

"चोर!"

सगळे खदाखदा हसले.

"आणि आपल्या हैदराबादचा वेगळाच. लाइट लो. मनावर घेऊ नका. परीक्षेत लिहू नका, मार्क जातील."

मग त्यांनी लिहायला घेतलं, लाइट-हेडेड.

शेवटचा डी अर्धाच राहिला. खडू खाली पडला. मामांनी फळ्याची कड धरली, डोळे मिटले, गुडघे वाकले.

पाच-सहा सेकंद असतील.

मग डोळे उघडून म्हणाले, "धिस इज लाइट-हेडेड."

क्लासने टाळ्या वाजवल्या. पार्लरवाली नसरीन म्हणाली, "सर, क्या ॲक्टिंग करे आप!"

मामा हसले. मी मागून बघत होते. पंखा फुल होता आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

क्लास सुटल्यावर मी विचारलं, "मामा, हे कितव्यांदा?"

"काय कितव्यांदा?"

"मामा."

त्यांनी हातावरचा खडू झटकला. "चौथ्यांदा असेल. संक्रांतीपासून. परेशान होऊ नको ग, लाइट घे."

मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चष्म्याचा नंबर काढायला जातो असं मामींना सांगून आम्ही डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण होत्या. ईसीजीची पट्टी त्यांनी दोनदा बघितली. मग मामांना सोडून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "यांचं हृदय मध्येमध्ये थांबतंय. पेसमेकर लागेल. आजच ॲडमिट करा."

"सोमवारी येतो," मामा म्हणाले.

"सर, सोमवारपर्यंत काहीही होऊ शकतं."

"रविवारी घरात लग्न आहे."

लग्न शुभदाचं होतं, मामींच्या भाचीचं. तिला वडील नाहीत. कन्यादान मामा-मामी करणार होते.

ॲडमिट व्हायला नकार देतोय अशा कागदावर मामांनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी.

परत येताना ऑटोत म्हणाले, "तुझ्या मामीला कळलं तर ती लग्न थांबवेल. त्या पोरीचं आधी एकदा मोडलंय. पुन्हा नको. सोमवारी सकाळी तूच मला घेऊन जा. पण तोवर बोलायचं नाही. शब्द दे."

मी दिला.

शुक्रवार. शनिवार. काहीतरी निमित्त काढून मी दर दोन तासांनी फोन करायचे. मामांनी "हॅलो" म्हटलं की श्वास सोडायचे.

शनिवारी मेंदीच्या गडबडीत मामींनी मला कोपऱ्यात घेतलं.

"काय ग, सारखी त्यांच्याकडं काय बघतीस?"

"काही नाही, मामी."

तेव्हा सांगता आलं असतं.

रविवारी मलकपेठच्या फंक्शन हॉलमध्ये मी मामांच्या बरोबर मागे बसले. पर्समध्ये ती फाइल. मोबाइलवर ॲम्ब्युलन्सचा नंबर काढून ठेवलेला. भटजी "सावधान" म्हणायचे आणि मी मामांच्या पाठीकडे बघायचे.

कन्यादान झालं. मामांनी शुभदाच्या डोक्यावर हात ठेवला. छान, नीट, बराच वेळ.

मग ते पाटावरून उठले, आणि पडले.

"पायाला मुंग्या आल्या असतील," कुणीतरी हसत म्हणालं. सनई चालूच होती.

मी त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते आणि त्यात कुणीच नव्हतं.

ॲम्ब्युलन्स लगेच आली. त्याने काही फरक पडला नाही.

कॅज्युअल्टीत विचारलं, "आधीचा काही त्रास? रिपोर्ट?"

मी पर्समधून फाइल काढली.

मामी शेजारी होत्या. हिरवी पैठणी, केसांत गजरा. त्यांनी फाइलवरची तारीख वाचली. मग खालची माझी सही.

"गुरुवारी?" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर पाच महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी जायचे, त्या आतल्या खोलीत जायच्या. शुभदाने फोनवर रडत विचारलं, "माझ्या लग्नासाठी का ग? कोर्टात सही करून केलं असतं मी."

मग एका सकाळी मामी स्वतःच हिमायतनगरला माझ्या घरी आल्या. दारातच बसल्या, चप्पल न काढता.

"ते तुझं ऐकले नसते, हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "माझंही ऐकले नसते कदाचित. पण मला ते तीन दिवस मिळाले असते. शुक्रवारी मी त्यांना घरात टाकून दिवसभर खरेदीला गेले होते ग. माहीत असतं तर नसते गेले. शेजारी बसून राहिले असते."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही.

"हा राग जाणार नाही माझा. पण जेवायला येत जा. एकटीचं करून खाववत नाही."

तेव्हापासून दर बुधवारी जाते. आम्ही जेवतो. फार बोलत नाही.

मामा, तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला.

पाळायला नको होता.

नमस्कार करते.