मेघाचं सिम्युलेशन आणि हवेची पेटी

मंडळी, आज दुपारभर संगणकासमोर बसून पाठ गेली.

भाची मेघा एम.टेक. करतेय. तिच्या मायक्रोस्ट्रिप फिल्टरचं, म्हणजे तांब्याच्या पट्टीतून ठरावीक सिग्नलच पुढे सोडणाऱ्या सर्किटचं, संगणकावरचं सिम्युलेशन कितीतरी दिवस चुकत होतं. आज म्हणाली, "मावशी, मले नाही जमून राहिलं. शिक्षणच सोडून देतो आता." आणि रडायलाच लागली.

मी शेजारी खुर्ची ओढली. सिग्नल आत शिरतो तो पोर्ट तिनं तांब्याच्या पट्टीएवढाच अरुंद घेतला होता. तो रुंद केला, थोडं सुधारलं. मग सिम्युलेशनच्या सीमा पाहिल्या. सर्किटभोवती संगणकात आखलेली हवेची पेटी इतकी बुटकी, की वरची भिंत पट्टीला जवळजवळ टेकलेली.

ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजात हे सगळं हातानं करायचो. धातूचं झाकण बसवलं की चांगलं चाललेलं सर्किट बिघडायचं. प्रयोगातला माझा जोडीदार वसंता चिडायचा, "काहून बिघडते वं हे?" शेवटी थकून त्यानं शिक्षण सोडलं, खापरखेड्याला नोकरी धरली. झाकण पट्टीच्या फार जवळ येत होतं, हे कारण आम्हाला फार उशिरा कळलं.

आज पेटी मोठी केली आणि आलेख हवा तसा आला. मेघा हसलीसुद्धा नाही. माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

तुम्ही असं काही सोडायला निघाला होतात, तेव्हा शेजारी कोण येऊन बसलं होतं?