वळ ते खारबाव, दोन आसनांच्या गाडीतून

नाशिकहून निघालेल्या एसटीने माणकोली नाक्यावर सोडलं तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. तिथून वळ गावापर्यंत रिक्षा केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं आहेत, एकाला एक लागून, आणि त्यांच्या मधल्या फटींतून अजून कुठे कुठे भाताचं खाचर दिसतं. रिक्षावाल्याला भास्कर पाटील हे नाव सांगितलं. त्याने विचारलं, ते गाडीवाले की गोदामवाले? दोन्ही एकच निघाले.

गाडी गोदामाच्या तोंडाशीच उभी होती, 'ग्रे'खाली झाकलेली (ग्रे म्हणजे यंत्रमागावरून उतरलेलं कोरं कापड, भिवंडीत ते कशालाही वापरतात). कापड ओढल्यावर दिसली ती लाल रंगाची, उघड्या टपाची, दोन माणसांपुरती इटालियन स्पोर्ट्स कार. वय पन्नाशीच्या पुढचं. उंची कमरेपर्यंतही येत नाही. इंजिन मागे, डिकी पुढे, स्टिअरिंग डावीकडे. काट्यांच्या तबकड्यांवरची अक्षरं इटालियन आहेत, पण कोणता काटा कशाचा हे पाटलांना वाचावं लागत नाही.

भास्करशेठ साठी ओलांडलेले, अंगाने आडवे, बोलण्यात सावकाश. जमिनीवर गोदामं उभी राहण्याआधी त्यांचे माग होते. टेमघरला त्यांनी एक जुनी लूमची शेड विकत घेतली, तेव्हा कोपऱ्यात कापडाच्या गठ्ठ्यांखाली ही गाडी निघाली. शेडच्या मालकाला ती नकोच होती. ती चालू करण्यात भास्करशेठची काही वर्षं गेली. आता ती चालते, पण तिच्या मनाने.

ती किती दिवस चालणार, हा प्रश्न त्या दिवशी घरात होता. मागच्या पावसाळ्यात गाडी हायवेवर बंद पडली. चार अनोळखी माणसं धक्का मारायला धावली आणि त्यांतला एक जण ट्रेलरच्या चाकाखाली येता येता वाचला. गोदामाचं ऑफिस सांभाळणारी त्यांची मुलगी रुपाली तेव्हा मागच्या गाडीत होती. तिने ते पाहिलं. पुण्याचा एक गृहस्थ गाडी मागत होता, तो येत्या रविवारी येणार होता. बापलेकीत ठरलं होतं ते असं: आज भाचीच्या हळदीला भास्करशेठनी गाडी खारबावला न्यायची. धक्का मारावा लागला, तर रविवारी गाडी पुण्याला जाणार.

"शब्द दिलाय बाबांनी," रुपाली मला म्हणाली. "तुम्ही पेपरवाले, तुमच्यासमोर फिरवता येणार नाही त्यांना."

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण होतं (निवटी हा खाडीच्या चिखलातला मासा). जेवण झाल्यावर रुपाली स्कूटरवरून पुढे गेली. भास्करशेठ गाडी तयार करायला लागले. शेजारच्या गोदामात धान्य असतं, त्यामुळे उंदीर फार. रात्री ते इंजिनाच्या फटींत ग्रेचे बोळे कोंबून ठेवतात आणि निघताना काढतात. ते बोळे काढत होते आणि मी गिअरबद्दल विचारत होतो. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

गाडीत बसायचं म्हणजे आधी एक पाय आत, मग खाली पडल्यासारखं बसायचं. "घाबरू नका," भास्करशेठ म्हणाले. "खाली हाय, पन याच्या खाली पडायला जागाच न्हाय."

स्टिअरिंग डावीकडे असल्याने मी उजवीकडे, ट्रकांच्या बाजूला. शेजारून कंटेनर गेला की त्याच्या चाकाचे नट डोळ्यांच्या रेषेत येतात. काटा चाळीसवर होता, पण डांबर इतकं जवळून पळतं की वेग दुप्पट वाटतो. स्टिअरिंग जरा वळवलं की गाडी लगेच वळते. प्रत्येक गिअर हाताला कळतो आणि कानाला ऐकू येतो. भास्करशेठकडे दुसरी मोठी गाडीही आहे, थंड हवेची. तिच्यात झोप येते, असं ते म्हणाले. या गाडीचं आकर्षण काय, हे त्यांना विचारायचं ठरवून आलो होतो. अंजूरफाट्यापर्यंत विचारायची गरज उरली नाही.

रस्त्यावरची माणसं मात्र विचारतात. एका टेम्पोवाल्याने बाजूला येऊन कितीला घेतली ते विचारलं. दुसऱ्याने वरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, बाकीची अर्धी कुठे ठेवली?" भास्करशेठनी त्याला मागे बोट दाखवलं.

अंजूरफाट्याच्या पुढे, खारबावच्या रस्त्यावर, वाहतूक तुंबली होती. दहा-दहा पावलांनी पुढे सरकत असताना मागून एक मोटारसायकलवाला ओरडला की डिकीतून धूर येतोय. डिकीत नव्हता, इंजिनातून येत होता, आणि तो धूर नसून वाफ होती. पाण्याच्या तापमानाचा काटा शेवटाला टेकला. भास्करशेठनी इंजिन बंद केलं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, मागे कंटेनर, त्याच्या मागे भोंगे.

भिवंडीत बंद पडलेली गाडी एकटी राहत नाही. न विचारता हात लागतात. शेजारच्या गोदामात ट्रक भरणारे हमाल उतरून आले आणि त्यांतल्या दोघांनी मागच्या बाजूला तळवे टेकवलेही.

"हात मत लगाओ!" भास्करशेठ ओरडले. त्या दिवशी त्यांचा आवाज एकदाच चढला.

"चाचा, साइड में ले लेते हैं. धक्का ही तो मारना है."

"धक्काच न्हाय मारायचा," ते मराठीत म्हणाले, मग हिंदीत. बेटी का शर्त है, असंही सांगितलं. हमालांना ते पटलं नाही, पण समजलं. कंटेनरचा ड्रायव्हर उतरून आला. त्याने विचारलं की शर्त पूर्ण होईपर्यंत आम्ही सगळे इथेच राहायचं का. खारबावला मामाशिवाय हळद थांबली असणार. भास्करशेठनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मान खाली घातली. मला वाटलं, ते आता हो म्हणणार.

हमालांमधला एक वयस्क माणूस गाडीभोवती फिरून आला. त्याने वाकून खाली पाहिलं आणि बाकीच्यांना काहीतरी म्हणाला. मग आम्हाला उतरायला सांगितलं. बाजूने कोणी घुसू नये म्हणून कंटेनरचा ड्रायव्हर आपल्या कंटेनरपुढे आडवा उभा राहिला. आठ जण चारी बाजूंनी वाकले. आधी मागची चाकं उचलून कडेला ठेवली, मग पुढची, मग पुन्हा मागची. तीन-चार वेळा असं करून गाडी रस्त्याच्या बाहेर, एका पानटपरीशेजारी, नीट सरळ लावली. कंटेनर भोंगा वाजवत निघून गेला.

इंजिनाचं झाकण उघडल्यावर त्याच वयस्क हमालाने हवेच्या वाटेत हात घातला आणि कापड ओढायला सुरुवात केली. ते बराच वेळ येत राहिलं. "चाचा, इंजिन में पूरा थान भरा है," तो म्हणाला (थान म्हणजे कापडाचा अख्खा तागा). बोळे तीन होते. दोनच निघाले होते. बाकीचे हमाल हसत होते आणि भास्करशेठही हसले, पण थोडं उशिरा.

इंजिन गार होईपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. पाणी भरलं. किल्ली फिरवताच गाडी चालू झाली.

खारबावला मांडवात धवलारीण (लग्नाची गाणी म्हणणारी स्त्री) खाली बसून वाट पाहत होती. मामा दिसताच तिने गाणं उचललं. भास्करशेठनी आधी भाचीला हळद लावली आणि मग हात न पुसताच रुपालीसमोर जाऊन उभे राहिले.

"धक्का न्हाय मारला कुनी. इचार यांना."

तिने मला विचारलं. धक्का मारला नाही, उचलली, हे मी सांगितलं. आठ माणसांनी, हेही सांगितलं. तिने पुढचा प्रश्न केला तो वेगळा होता.

"कोणाला लागलं?"

कोणालाही नाही. कंटेनर थांबला होता, त्याचा ड्रायव्हर स्वतः पुढे उभा होता. तिने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग बाबांकडे वळली. "आता दर वेळी आठ माणसं मागे बसवून फिरणार का? जागा दोनची."

तिने हात पुढे केला आणि त्यांनी किल्ली दिली. मला वाटलं, संपलं. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण नंतर पानात वडे आणि मटण असूनही ते फारसं जेवले नाहीत.

परतताना गाडी रुपालीने चालवली. शेजारी भास्करशेठ, मागे तिच्या स्कूटरवर मी. तिला डाव्या स्टिअरिंगची सवय नव्हती. पहिल्या वळणावर त्यांनी हाताने खूण करून काहीतरी सांगितलं, दुसऱ्या वळणावर काही सांगितलं नाही.

वळला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. रुपालीने गोदामातून ग्रेचं लांब कापड आणलं आणि त्याचं एक टोक हवेच्या वाटेत कोंबलं. उरलेलं उघड्या टपावरून, दोन्ही आसनांच्या मधून पुढे आणलं आणि स्टिअरिंगला गाठ मारली. आता ते सोडल्याशिवाय गाडी चालवताच येणार नव्हती. मग तिने फोन काढून पुण्याला लावला आणि रविवारी येऊ नका असं सांगितलं. भास्करशेठ गाठ घट्ट आहे का ते ओढून पाहत होते.

माणकोली नाक्यावर नाशिकची एसटी मिळाली. खिडकीची जागा होती. शेजारून कंटेनर जात होते, पण आता त्यांची चाकं खाली होती आणि त्यांचा आवाज काचेबाहेर. आसन उंच, प्रवास आरामाचा. शहापूर येण्याआधीच झोप लागली.