आईच्या सेरोटोनिनसाठी डांगराचं बी

आमच्या आईनं भांडणं बंद केलं, म्हणून आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

हसनाबादेत दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत तिनं कुणाला सोडलं नव्हतं. पण गुडघ्यांपायी म्हैस विकावी लागली आणि ती गप्पच झाली. ओट्यावर बसून रिकाम्या खुंट्याकडे बघत राहायची. चहात साखर नसली तरी निमूट प्यायची! (हे बघून माझी बायको सुनंदा आधी घाबरली, मग रडली.) मी जालन्याला कचेरीत कारकून. आम्ही दोघं रजा टाकून गावी येऊन राहिलो.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. मग मला नीट समजावून सांगितलं, आणि तिथंच त्यांचं चुकलं. मनाला ताळ्यावर ठेवणारं सेरोटोनिन शरीर स्वतःच बनवतं. त्याला कच्चा माल लागतो ट्रिप्टोफॅनचा. तो डाळीत, दुधात, तिळात, शेंगदाण्यात, भोपळ्याच्या बियांत असतो. जोडीला लोह आणि बी-सहा जीवनसत्त्व.

"मंग केळं? त्यात तर आयतंच सेरोटोनिन असतं म्हणे!" मी वाचलेलं ज्ञान पाजळलं.

"असतं, पण ते पोटातून मेंदूत जात नाही. मेंदूला आपलं आपणच बनवावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून मी कारखाना उघडला. सकाळी कोवळं ऊन आणि तीळ, दुपारी डाळ, संध्याकाळी दूध-शेंगदाणे. आई सगळं मुकाट खायची. एकदा तरी वाटी भिरकाव गं, असं मी मनात म्हणायचो. तिचं ते शहाण्यासारखं वागणं बघवत नव्हतं.

यादीत फक्त भोपळ्याच्या बिया राहिल्या होत्या. आमच्याकडे भोपळ्याला डांगर म्हणतात. शोधता शोधता धान्याच्या खोलीत एका मडक्यात त्या सापडल्या, पार राखेत घोळलेल्या.

"बघ, किती घाणीत ठेवल्यात!" मी म्हणालो.

"अहो, आत्याबाईंना इचारा तरी," सुनंदा म्हणाली.

"औषध काय रोग्याला विचारून देतात का?"

मी बिया तीन पाण्यांनी धुतल्या, मीठ लावलं, तव्यावर खमंग भाजल्या. आईला देण्याआधी चाखून बघाव्या म्हणून वाटी घेऊन गच्चीवर गेलो.

काय ऊन पडलं होतं! थंडीतलं, पांघरूण घातल्यासारखं. लांबवर तुरीचा पिवळा फुलोरा झुलत होता, कुणाच्या तरी अंगणात कापसाचा ढीग पांढराशुभ्र चमकत होता. एक बी फोडायची, एक चिमणी बघायची. कचेरी, साहेब, बदलीचा अर्ज, सगळं विरघळत विरघळत कुठंतरी तरंगत गेलं. मीच जणू एक वेल झालो होतो आणि माझे तणावे हळूहळू आभाळात चढत होते. ट्रिप्टोफॅन लागू पडलं, असं मला झोपेतच वाटलं. जाग आली तेव्हा वाटीत नुसती टरफलं होती आणि खालून गर्जना येत होती.

"बाबू! मडक्यातलं बी कुठंय?"

"भाजलं की, आई. तुझ्यासाठीच."

"भाजलं?! आरं बैला, माझ्या मायनं लग्नात पदराला बांधून दिल्तं ते बी! निम्म्या गावाच्या कुडावर माझं डांगर चढून राह्यलंय. दुकानचं बी म्या कधी घरात येऊ दिलं न्हाई, अन् तू त्याला मीठ लावून खाल्लंस? शेतकऱ्याचं पोर हायेस का कोन हायेस रं?"

राख चोळलेलं बी म्हणजे पेरायचं बी, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला नव्हतं. गल्ली गोळा झाली. सुनंदा पदर डोळ्याला लावून, "आत्याबाई बोलल्या! आत्याबाई बोलल्या!" म्हणत होती. मीही शिव्या खात खात रडलो, इतका आनंद झाला होता.

"रडतो काहून? चप्पल घाल! ज्यानला ज्यानला बी दिल्तं त्यानच्याकडून मागून आनू. चल जल्दी!"

महिनाभर कुणाच्या दारी न गेलेली आई पुढं, पिशवी धरून मी मागं. दर घरी ती माझा पराक्रम साभिनय सांगायची. तिसऱ्या घरापर्यंत मी मडकंही खाल्लं होतं! चौथ्या घरी मात्र तिलाच हसू आवरेना. चौकटीला धरून ती गदगदा हसली. (लोहाच्या गोळ्या चालूच होत्या, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

शेवटचं घर शांताकाकूंचं. त्यांनी आईच्या ओंजळीत बी घातलं आणि मला हळूच बाजूला ओढलं.

"बाबू, वैनी पार पहिल्यावानी झाल्या रे! आमचे हे बी लई दिवस झाले, गप गप राह्यतेत. डांगराचं बी दिल्तं म्हनं तू वैनीला. किती दिल्तं?"

"एक पन न्हाई, काकू," मी म्हणालो. "सगळं मीच खाल्लं."