दिराने शिकवलेली लय

दिराने मला गिटार शिकवली ती माझी हौस पुरवायला नव्हे. त्याची अडचण झाली होती. बरीच वर्षं बोटीवरच्या ऑर्केस्ट्रात फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवून तो रत्नागिरीला परतला, तो अमेरिकेतल्या गुराख्यांचं नाचाचं संगीत डोक्यात घेऊनच. वेस्टर्न स्विंग म्हणतात त्याला. गणपतीपुळ्याच्या एका रिसॉर्टने त्याला शनिवारची संध्याकाळ दिली. देवदर्शन आटपून, मासे-सोलकढी हाणून सुस्तावलेल्या पाहुण्यांना हा अमेरिका ऐकवणार. बेस गिटारवर माझा नवरा, कारण मुंबईला नोकरी करताना तोही हौसेने वाजवायचा. त्यांच्या गिटारवाल्याला लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो गेला. तेव्हा दिराला आठवलं की घरात एक वहिनी आहे, आणि मुलाने मागे टाकलेली गिटार घेऊन ती दुपारची काहीतरी खुडबुडत असते.

"वैनी, तुमाला जमंल असं वाटत नाय, पन बघूया," तो म्हणाला.

अपमान मी गिळला, कारण मला स्टेजवरची ती तिसरी खुर्ची हवी होती. या दोघा भावांच्या तालमी मी कायम स्वयंपाकघरातून ऐकल्या. आता मला बाहेर, त्यांच्या बरोबरीने बसायचं होतं.

कॉर्ड फारसे नव्हते. तीन-चार तारा दाबायच्या, उरलेल्या तारा बोटांच्या कडेने मुक्या करायच्या. दर ठोक्याला एक फटका, आणि फटका बसला की बोटं सैल सोडायची, पण तारेवरून उचलायची नाहीत. म्हणजे आवाज तुटक येतो, 'चक' असा. जोर द्यायचा तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आणि सारा वेळ डावा हात गिटारच्या मानेवर सरकवत एकाच कॉर्डची रूपं बदलत राहायची.

हात सरकायला शिकला, पण लय ऐकेना. मी आमच्या आळीच्या भजनमंडळात झांज वाजवते. माझा हात समेवरच दणकून पडणार. त्यातून गजर आला की लय चढवायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. भजन असो, आरती असो, शेवटाकडे जो संथ राहील त्याच्याकडे लोक वळून बघतात. त्यामुळे गाण्याची शेवटची फेरी आली की मी धावत सुटायचे.

"हे काय देवळातलं भजन हाय?" दीर फिडलचा गज माझ्या नाकासमोर नाचवायचा. "मी वर कायपन करीन, तुमी हलायचं नाय! आपल्या कोकणातल्या मानसाला हे जन्मात जमायचं नाय."

जसा काही हा टेक्सासात जन्मला! याची नाळ आमच्याच परसात पुरली आहे.

मी रागारागाने शिकले. मोबाइलवर ठोके लावायचे आणि दुपारभर तेच ते वाजवायचे. बोटांची सालं निघाली. मासे साफ करताना मीठ झोंबायचं, तेव्हा दिराच्या नावाने चार शिव्या हासडायचे आणि पुन्हा गिटार घ्यायचे. शेवटी माझा हात असा बसला की दिराला बोट ठेवायला जागा उरली नाही. शाबासकी मात्र त्याच्या तोंडून फुटली नाही.

तो शनिवार आला. मी इरकली नेसून खुर्चीवर बसले. सुरुवातीची गाणी छान झाली. शेवटच्या गाण्याला पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि शेवटची फेरी येताच दीर सुटला. बोटीवरची सारी वर्षं गळून पडली आणि आतला गजरवाला बाहेर आला. फिडल पळू लागली. मी हलले नाही. मला हेच तर शिकवलं होतं! मी नवऱ्याकडे पाहिलं. बेस माझ्याबरोबर राहिला असता तर दिराला मागे यावंच लागलं असतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो भावामागे धावला. मी एकटी पडले. गाणं फाटलं.

दिराने माइक ओढला. "वहिनी नवीन आहेत, सांभाळून घ्या." चोराच्या उलट्या बोंबा! पाहुण्यांनी माझी कीव करून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो. परतताना गाडीत दीर म्हणाला, "पुढच्या शनवारपासून आमी दोघंच वाजवू." नवरा खिडकीबाहेर बघत होता.

घरी आल्यावर मी त्याला धरलं. "कोण पळालं, कळलं होतं ना तुम्हाला?"

"कळलं होतं. तू बरोबर होतीस."

"मग?"

"भाव हाय माझा. चारचौघांत त्याला कसा पाडू?"

"आणि मला पाडलंत ते?"

तो पाय धुवायला मागच्या दारी गेला. दिराचं मला काही वाटत नाही, तो तसाच आहे. पण नवऱ्याला लय कळते. त्याला कळलं नसतं, तर मी त्याला कधीच माफ केलं असतं.