अक्षताबाईंचा लोलक

पडदा वर जातो तेव्हा कुपवाडच्या एका शाळेचा हॉल दिसतो. सतरंजीवर नववीचा वर्ग. तुळईला बांधलेला दोर, त्याच्या टोकाला नारळाएवढा लोखंडी गोळा. आणि भिंतीला डोकं टेकून उभी असलेली विज्ञानाची शिक्षिका अक्षता, चेहरा पांढराफटक.

ही माझ्या शेजारची मुलगी. वडील महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचे, पण घाटातल्या वळणांवर ही डोळे गच्च मिटून बसायची. जत्रेतल्या पाळण्यात कधी चढली नाही. गेल्या वर्षी याच प्रयोगात गोळा परत येताना पाहून ती बाजूला पळाली. तेव्हापासून काहीही शिकवलं की मागून आवाज यायचा, "बाई, ह्ये तरी खरं हाय का?" ते तिला झोंबलं होतं.

"नाना, नाटकाच्या पडद्यांचे दोर तुम्ही बांधलेत. गाठ तुम्हीच मारा," ती म्हणाली. मी मारली. जन्म रंगमंचावर गेला, पण कुठलीच गाठ मी अशी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली नव्हती.

गोळा ओतून आणला होता केरबानं. फाउंड्रीतला कामगार, वर्गातल्या एका मुलीचा बाप. तोच आता गोळा तिच्या हनुवटीपाशी धरून उभा होता.

"जिथून सोडला, त्याहून वर तो परत येत नाही," अक्षता मुलांना म्हणाली. आवाज कापत होता. "मी हलणार नाही. सोडा, केरबादादा."

केरबाच्या कारखान्यात नवं काम देवाचं नाव घेऊन, जोर लावूनच सुरू करायची रीत. त्यानं डोळे मिटले. "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!" आणि गोळा ढकलला.

"चांगभलं!" मुलं गर्जली. अक्षताचे डोळे मात्र विस्फारले. ढकललेला गोळा हनुवटीपाशी थांबणार नव्हता. तो पलीकडं उंच गेला, क्षणभर थबकला आणि परत फिरला. ती भिंतीला घासत खाली बसली.

धाड! गिलावा तिच्या केसांवर सांडला.

"पळाल्या!" कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग भिंतीतला खड्डा दिसला आणि हसू विरलं.

"आवं बाई, काय केलं म्या ह्ये!" केरबा रडवेला झाला.

मला वाटलं, आता पडदा पाडावा. पण ती उठली. "केरबादादांनी जोर दिला, म्हणून तो पुढं आला," मुलांना एवढंच सांगितलं. केसांतली माती तशीच. त्याच खड्ड्यावर डोकं टेकलं.

"केरबादादा, चांगभलं आधी म्हणून घ्या. मग नुसता सोडा."